हळू उडणाऱ्या विमानाची बाजू

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. परीक्षक म्हणून मी टेबलांवरून हिंडत होतो. आठवीतल्या एका मुलाने विमानांची वही मांडली होती. चित्रे कापून सुबक चिकटवलेली, खाली रेघा आखून तक्ते केलेले. वही वेगाप्रमाणे लावलेली होती. पहिल्या पानावर आवाजाच्या दुपटीहून वेगवान लढाऊ विमाने, मग मिग, मग नॅट, मग प्रवासी जेट, असे उतरत उतरत शेवटच्या पानावर ‘इतर’ असा मथळा. त्या पानाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे, एका लहानशा विमानाचे फिकट चित्र होते. वर पंख, खाली दोन चाके, नाकावर एक पंखा. चित्राखाली लिहिले होते : ‘कृषक. वेग ताशी सुमारे २०० कि.मी. फक्त टेहळणीसाठी.’

मी विचारले, “हे शेवटी का?”

तो म्हणाला, “सर, ह्याला ना तोफ, ना बाँब, ना वेग. पान भरायचं म्हणून लावलंय की.”

त्या मुलाला मी गुण चांगले दिले. वही मेहनतीची होती. पण त्याचे म्हणणे मला पटले नाही, आणि ते का पटले नाही हे तेथे उभ्या उभ्या सांगता आले नाही, कारण मागे गांडूळ-खताची मंडळी खोळंबली होती. म्हणून हा लेख. चूक एकट्या त्या मुलाची नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्या प्रश्नमंजूषेत ‘सर्वांत वेगवान विमान कोणते?’ हा प्रश्न हटकून असतो. ‘सर्वांत हळू उडू शकणारे विमान कोणते, आणि त्यासाठी काय करावे लागते?’ असे कोणी विचारलेले मी अजून ऐकलेले नाही. माझे मत असे की दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच अवघड आहे, आणि युद्धात त्याच्या उत्तरावर हजारो माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिलेले आहे.

आता जरा माझ्याबरोबर नवी पेठेत चला. दुपारची वेळ, दुतर्फा दुकाने, चादरींचे गठ्ठे, रिक्षांची गर्दी. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे आहात. किती लांबचे दिसते? फार तर पुढचा चौक. सिद्धेश्वराचे तळे येथून काही फार दूर नाही, भुईकोट किल्लाही नाही, पण दोन्ही दिसत नाहीत, कारण मध्ये इमारती आहेत. आता आणखी एक करून बघा. रस्त्याच्या टोकाला दोन रिक्षा उभ्या आहेत. त्यांतली कोणती पुढे आणि कोणती मागे? डावी-उजवी लगेच सांगाल, पण जवळची कोणती आणि लांबची कोणती हे ठरवताना डोळा गोंधळतो. समोरून पाहताना लांबी जणू दडपली जाते.

तोफखान्याची अडचण नेमकी हीच असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व हिंदी सैन्याकडे जी पंचवीस-पौंडी तोफ होती, तिचा पल्ला सुमारे बारा किलोमीटर होता. म्हणजे ती नवी पेठेत ठेवली तर गोळा सगळे शहर ओलांडून होटगीच्या वाटेवर कितीतरी पुढे जाऊन पडेल. पण तोफेजवळच्या माणसाला तो कोठे पडला हे दिसायचे कसे? पुढे टेकडीवर दुर्बीण घेऊन एक अधिकारी बसवतात, तो तारेवरून किंवा बिनतारी यंत्रावरून कळवतो. पण टेकडी असेल तर! आणि शत्रूही मूर्ख नसतो. तो आपल्या तोफा टेकडीच्या पलीकडच्या उतारावर ठेवतो. तेथले आपल्याला काहीच दिसत नाही.

उपाय एकच, वर जाणे. त्याचे गणित तुम्हांला करता येईल. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट मैदानात दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना साधारण साडेचार किलोमीटरपर्यंतचीच जमीन दिसते. उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा, क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा होते म्हणून साखर कारखान्याची जी उंच चिमणी २०२३ साली पाडली, ती साधारण नव्वद मीटर होती. तिच्या टोकावर कोणी बसला असता तर त्याला सुमारे चौतीस किलोमीटरपर्यंतचे दिसले असते. तीनशे मीटर उंचीवरून बासष्ट किलोमीटर. हवा स्वच्छ हवी, हे खरेच. पण क्षितिजापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की वरून टेकडीची पाठ दिसते, आणि दडपलेली लांबी उलगडते. गच्चीवर चढून त्या दोन रिक्षांकडे पुन्हा पाहा.

माणसाला हे फार पूर्वी सुचले होते. १७९४ साली फ्लरसच्या लढाईत फ्रेंचांनी दोराने बांधलेला फुगा वर सोडून त्यातून शत्रूच्या हालचाली पाहिल्या. विमान निघाल्यावर त्याचे युद्धातले पहिले कामही बाँब टाकण्याचे नव्हते. २३ ऑक्टोबर १९११ रोजी लिबियात कार्लो पियाझ्झा हा इटालियन अधिकारी आपले विमान घेऊन तुर्की छावणी पाहून आला. पाहणे, एवढेच. पहिल्या महायुद्धात टेहळणीची विमाने शेकड्यांनी उडाली, आणि ती पाडण्यासाठी म्हणून लढाऊ विमाने जन्माला आली. तुमच्या वहीतल्या पहिल्या पानाचा उगम शेवटच्या पानात आहे, तो असा.

पुढे लढाऊ विमाने इतकी वेगवान झाली की पाहण्याचे काम मागे पडले. तेव्हा इंग्लंडमध्ये चार्ल्स बेझली नावाच्या तोफखान्यातल्या एका कॅप्टनने एक साधी गोष्ट मांडली. वैमानिकाला तोफखाना शिकवण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विमान शिकवा. विमान असे द्या की ते सहज शिकता येईल, शेतात उतरेल, आणि तोफांच्या शेजारीच राहील. विमानदलातल्या पुष्कळांना हे हास्यास्पद वाटले. असले खेळण्यातले विमान लढाईत दोन दिवसही टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९४० साली प्रयोग झाले, आणि मग अशा तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांचे नाव ‘एअर ओ.पी.’, म्हणजे हवेतले निरीक्षण ठाणे. विमानाचे नाव ऑस्टर. अशीच एक तुकडी, क्रमांक ६५६, १९४३ साली बोटीने मुंबईस उतरली. तिचा मुक्काम आधी जुहूला व मग आपल्या देवळालीला होता, आणि तेथून ती ब्रह्मदेशच्या लढाईत गेली. अरण्यात, डोंगरात, जेथे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही तेथे या विमानांवाचून तोफखाना आंधळाच होता.

ऑस्टर हे कापडाचे विमान होते, हे ऐकून सोलापूरकरांना बरे वाटेल. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. कापडावर ‘डोप’ नावाचे एक प्रकारचे रोगण चढवीत. ते वाळताना कापड आवळून घेते आणि नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताठ करते. गोळी लागली तर भोक पडे, जमिनीवर उतरून त्यावर ठिगळ चिकटवले की विमान पुन्हा तयार.

आता काम कसे चाले ते पाहू, कारण सगळी गंमत त्यात आहे. वैमानिकाला शत्रूची एक तोफ दिसली. ती आपल्या तोफेपासून किती अंतरावर आहे हे त्याला नक्की माहीत नाही. समजा खरे अंतर ९,३५० मीटर आहे. तो बिनतारीवरून सांगतो, ‘नऊ हजार’. गोळा अलीकडे पडतो. ‘आठशे वाढवा.’ गोळा पलीकडे पडतो. आता लक्ष्य ९,००० आणि ९,८०० यांच्या मध्ये सापडले. ते अंतर निम्मे करा : ९,४००. पलीकडे. आता ते ९,००० ते ९,४०० मध्ये आहे. पुन्हा निम्मे : ९,२००. अलीकडे. ९,३००. अलीकडे. ९,३५०. लागला. सहा गोळ्यांत काम झाले. पन्नास-पन्नास मीटरने एका टोकाकडून चाचपत गेला असता तर आठ गोळे लागले असते, आणि लक्ष्य दुसऱ्या टोकाला असते तर सोळा-सतरा. तेवढ्यात शत्रू तोफ ओढून निघून गेला असता. मित्राने शंभराच्या आतला एक आकडा मनात धरावा आणि तुम्ही ‘मोठा की लहान’ एवढेच विचारून तो सात प्रश्नांत ओळखावा, हा खेळ तुम्ही खेळला असाल. तोच हा. संगणकही यादीत नाव शोधताना हीच युक्ती वापरतो.

या खेळाला एक अट आहे. गोळा पडेल तेव्हा पाहणारा तेथे पाहत असला पाहिजे. तोफेचा गोळा दहा किलोमीटर जायला साधारण अर्धा मिनिट घेतो. ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाणारे जेट विमान सेकंदाला दोनशे मीटर जाते, म्हणजे अर्ध्या मिनिटात सहा किलोमीटर. गोळा पडेपर्यंत वैमानिकाच्या पायांखालचा मुलूख बदललेला असतो. ताशी १२० किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्यात एकच किलोमीटर जाते.

तुम्ही म्हणाल, जेटने वळून परत यावे. वळू द्या. दोन्ही विमानांनी पंख ४५ अंशांत कलवले असे धरा, म्हणजे दोघांवर सारखाच ताण. अशा वळणाची त्रिज्या काढायला वेगाचा (मीटर प्रतिसेकंदमध्ये) वर्ग करून ९.८ ने भागायचे. हळू विमानासाठी उत्तर येते ११३ मीटर. जेटसाठी सुमारे ४,१०० मीटर. आकडा पुन्हा वाचा. वेग सहापट, त्रिज्या छत्तीसपट. हळू विमान नवी पेठेच्या डोक्यावर एकवीस सेकंदांत घिरटी पूर्ण करील, घारीसारखे, नजर तेथेच ठेवून. जेटचे वर्तुळ आठ किलोमीटर रुंदीचे होईल. त्यात सोलापूरचा मोठा भाग मावेल, आणि एक फेरी व्हायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागेल.

याच गणिताने त्या खेळण्यातल्या विमानांना जीवदानही दिले. मागून लढाऊ विमान झेपावले की ऑस्टरचा वैमानिक झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली येई आणि एकदम वळे. मागच्याला तेवढे वळता येत नसे, तो सरळ पुढे निघून जाई. प्रत्येक वेळी हे साधले असे मात्र समजू नका, अनेकजण परतले नाहीत. ११ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीवर एक विलक्षण झटापट झाली. अमेरिकेच्या पायपर कब या टेहळणी विमानातल्या दोघांना खाली जर्मनांचे तसलेच श्टोर्ख विमान दिसले. दोन्ही विमानांवर बंदुका नव्हत्या. अमेरिकनांनी खिडकीतून कमरेच्या पिस्तुलांनी गोळ्या झाडून त्याला खाली उतरायला लावले आणि आतल्यांना पकडले. मुलांना ही गोष्ट आवडते, म्हणून सांगितली. युद्धावर तिचा परिणाम काही झाला नाही.

मग प्रत्येक विमान हळू का उडत नाही? इंजीन मंद केले की झाले, असे वाटते ना? तसे होत नाही. विमानाला वर धरणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केलात की उचल चौथाई होते. ती भरून काढायला नाक वर करून पंख वाऱ्याला अधिक तिरका धरता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पंखावरची हवा पंख सोडून उखडते आणि विमान दगडासारखे खाली येऊ लागते. याला स्टॉल होणे म्हणतात. तेव्हा हळू उडायचे तर वजन कमी हवे आणि पंख मोठा हवा. तुम्ही पतंग उडवता. वारा पडलेला असताना कोणता पतंग टिकतो? हलक्या कामटीचा, मोठ्या कागदाचा.

आकड्यांत पाहा. १९६५ च्या युद्धात नाव काढलेल्या नॅटच्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे १२.७ चौरस मीटर आणि भरलेल्या विमानाचे वजन तीन टनांहून अधिक. पंखाच्या दर चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या आसपास भार. श्टोर्खचा पंख २६ चौरस मीटर आणि वजन सव्वातेराशे किलो, म्हणजे चौरस मीटरला अवघे एक्कावन्न किलो. शिवाय त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला एक फट ठेवलेली होती. तीतून जोराने जाणारी हवा पंखावरच्या हवेला चिकटवून ठेवी. परिणाम असा की श्टोर्ख ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत हळू उडू शके. पुण्याला जाणारी एस.टी. त्याला मागे टाकील! समोरून जोराचा वारा असला तर ते हवेत जवळजवळ उभे राही. हे साधणारा अभियंता, आवाजाच्या दुप्पट वेग साधणाऱ्यापेक्षा कमी हुशार होता असे मी मानायला तयार नाही.

आता त्या फिकट चित्राकडे येतो, कारण ते विमान आपल्या माणसाचे आहे. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपू या गावी झाला. हा मुलगा शिकत शिकत जर्मनीत ग्यॉटिंगेनला पोचला आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रांट्ल कोण? पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा विचार ज्यांनी जगाला दिला, ते. वर ज्या ‘उखडणाऱ्या’ हवेबद्दल सांगितले, तिचे शास्त्र त्यांच्यापासून सुरू होते. घाटगे परत आले आणि पुढे बंगलोरला, हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात गेले. १९५१ साली त्यांच्या आराखड्याचे एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडाले. १९५८ साली पुष्पक, अवघ्या ९० अश्वशक्तीचे, फ्लाइंग क्लबांसाठी दोन आसनांचे. आणि पुष्पकाचाच मोठा भाऊ म्हणून १९५९ साली कृषक.

कृषकचे इंजीन २२५ अश्वशक्तीचे, म्हणजे पुष्पकाच्या अडीचपट होते. पण वेग अडीचपट झाला नाही. मग ती शक्ती गेली कोठे? तिसरे आसन, बिनतारी यंत्र, आणि सर्वांत मुख्य म्हणजे आखूड, ओबडधोबड पट्टीवरून लवकर उचलणे. हा निर्णय विचार करून घेतलेला होता. पंख डोक्यावर ठेवला तोही त्यासाठीच, खाली पाहताना आड येऊ नये म्हणून. नावाची मला नेहमी गंमत वाटते. नाव शेतकऱ्याचे आणि नोकरी तोफखान्याची. सैन्याच्या भाषेत त्याला एच.ए.ओ.पी.-२७ म्हणत. साठाहून अधिक कृषक बांधली गेली.

आपल्या सैन्याच्या एअर ओ.पी.चा इतिहास त्याआधीचा आहे. १९४७ साली देशाबरोबर या तुकड्यांचीही वाटणी झाली. वाट्याला आलेली ऑस्टरे लगेच काश्मीरच्या लढाईत कामाला लागली. डोंगरांच्या अरुंद घळींत, जेथे मोठे विमान वळू शकत नाही, तेथे ती उडाली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ऑस्टर होते, कृषकही होते. हे वैमानिक तोफखान्याचेच अधिकारी. तोफखान्याची मोठी शाळा देवळालीची, तेव्हा या कामाचे धडेही तेथलेच. नाशिकच्या आकाशात त्या काळी घिरट्या घालणारी ती लहान विमाने पाहून कोणा मुलाने बोट दाखवले असेल आणि त्याला वाटले असेल, कोणी हौसेने फिरते आहे.

या विमानांचा सर्वांत मोठा पराक्रम कोणत्याही तक्त्यात येत नाही. ते नुसते वर दिसले की शत्रूच्या तोफा गप्प बसत. गोळी झाडली की तोफेच्या तोंडाशी ज्वाळा दिसते, वरचा माणूस ती जागा टिपतो आणि पाच मिनिटांत तेथे गोळे पडतात. मग झाडायची कोणी? युरोपात, ब्रह्मदेशात, सैनिकांनी हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला. त्यामुळे खंदकातल्या पायदळाला डोक्यावरचा तो फटफट आवाज अंगाईसारखा वाटे. न झाडलेल्या गोळ्यांची संख्या कोण मोजणार?

येथे मला एक गोष्ट टाळता येणार नाही. हे सगळे वाचून ‘अरे वा, बिनहत्यारी, निरुपद्रवी विमान’ असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. ओळीने लावलेल्या तोफा त्या वैमानिकाच्या एका शब्दावर उडत. त्याच्याजवळ बंदूक नव्हती, पण त्या रणांगणावर त्याच्याइतके मारणारा दुसरा कोणी नसेल. शिवाय तो पाहत होता. बारा किलोमीटर मागच्या तोफचीला आपल्या गोळ्याने काय झाले हे दिसत नाही. वर हळूहळू घिरट्या घालणाऱ्याला ते सारे दुर्बिणीतून दिसते. माणसे धावताना दिसतात, आणि मग धावत नाहीत हेही दिसते. त्याने नेमके सांगितले म्हणून शेजारचे गाव वाचते, हेही तितकेच खरे, कारण न पाहता झाडलेले गोळे गाव आणि छावणी असा भेद करीत नाहीत. पण नेमकेपणाचे कौतुक करताना तो नेमकेपणा कशाचा आहे, हे तुम्ही विसरू नये असे मला वाटते. विमानांच्या वहीत हे कोठे लिहायचे, ते मला सुचलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सोपा आहे. आज असे विमान टिकेल काय? नाही टिकणार. खांद्यावरून उष्णतेचा माग काढत जाणारी क्षेपणास्त्रे आली, रडारवर चालणाऱ्या तोफा आल्या, आणि आकाश शत्रूच्या हातात असेल तर घिरट्या घालणे म्हणजे आत्महत्या. आपल्याकडे १९७० च्या दशकात कृषकची जागा चीता हेलिकॉप्टरने घेतली. १९९९ च्या कारगिल युद्धात उंच डोंगरांत तोफांना डोळे पुरवण्याचे काम चीतानेही केले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी एअर ओ.पी.च्या तुकड्या तोफखान्यातून वेगळ्या होऊन सैन्याचे स्वतंत्र विमान दल झाले, आणि त्यांच्या वैमानिकांना युद्धाचे शिक्षण देणारी संस्था २००३ पासून नाशिक रोडला आहे.

पण काम गेले का? युक्रेनमध्ये २०२२ पासून चाललेल्या युद्धाची चित्रे तुम्ही पाहिली असतील. टेबलावर मावेल एवढे ड्रोन वर जाते, हवेत थांबते, खाली पाहते, आणि मागच्या तोफेला सांगते : अलीकडे पडला, वाढवा. तेच निम्मे-निम्मे करणे. फरक इतकाच की माणूस आता त्यात बसत नाही. आणखी एक गंमत त्याच युद्धातली. शत्रूची हळू उडणारी ड्रोने पाडायला वेगवान जेट सोयीचे पडत नाही, ते भुर्रकन पुढे निघून जाते. म्हणून २०२४ साली युक्रेनच्या वैमानिकांनी याक-५२ हे पंख्याचे, वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेले जुने विमान बाहेर काढले. मागच्या आसनावर बंदूकवाला बसवला आणि त्याने ड्रोने टिपली. पिस्तुलाने श्टोर्ख उतरवणाऱ्या त्या दोघांना हे पाहून हसू आले असते.

प्रदर्शन उठताना तो मुलगा वही गुंडाळत होता. गर्दी ओसरली होती, म्हणून मी त्याला वळणाच्या वर्तुळाचे गणित तेवढे सांगितले. पाटीवर नाही, त्याच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर. ११३ आणि ४,१०० हे आकडे त्याने स्वतः भागून काढले, आणि दुसरा आकडा चुकला असे वाटून पुन्हा भागला. मग म्हणाला, “सर, म्हणजे प्रत्येक विमानाचा कमीत कमी वेग पण पाहिजे की तक्त्यात.”

मी म्हटले, “पाहिजे. मिळव.”

“नॅटचा मिळेल. मिगचा पण मिळेल. पण ह्या कृषकचा कुठं मिळणार?” त्याने ते फिकट चित्र नखाने सरळ केले. “पुस्तकात सगळीकडं जास्तीत जास्तच देतात.”

पंखाचे क्षेत्रफळ आणि वजन मिळाले तर पुस्तकावाचूनही त्याला तो काढता येईल, उचलीच्या गणिताने. पुढच्या सुट्टीत त्याने यायचे कबूल केले आहे. तुमच्यापैकी कोणी आधी काढला, तर गणितासकट कळवा.